झेरॉक्स निघते, प्रिंट निघत नाही

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात झेरॉक्स, प्रिंट आणि स्कॅनचं मशीन एकच, आणि त्याचा रुसण्याचा मुहूर्त ठरलेला: शालार्थ या सरकारी पगार-प्रणालीतून पगारबिलं काढायचा दिवस. तिन्ही कॉम्प्युटरवर 'ऑफलाइन' दिसायला लागतं, कुणीतरी तीच प्रिंट पाच वेळा देतं आणि मग मशीन गेलं म्हणून बोंब होते. सर्व्हिसवाला तालुक्याहून येईपर्यंत दुपार टळते. त्याला फोन करकरून मी जे शिकले, ते इथे लिहिते आहे.

आधी काचेवर एक कागद ठेवून हिरवं बटण दाबा. झेरॉक्स निघाली ना? मग मशीन ठणठणीत आहे. टोनर, ड्रम कशालाही हात लावू नका. भानगड मशीन आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या वाटेवर आहे. प्रिंट एकाच कॉम्प्युटरवरून जात नसेल, तर दोष बहुतेक त्या कॉम्प्युटरचा. त्याचं पुढे येतंच. सगळ्यांचीच अडली असेल तर मशीनच्या मागे जा.

लॅनची, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कची, वायर मशीनमध्ये शिरते तिथे बारीक दिवे असतात. ते अजिबात लागत नसतील तर दोष वायरचा, नाहीतर पलीकडच्या स्विचचा (सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात तो डबा). दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला आमच्या शिपाईमामांनी मशीन पुढे ओढून लख्ख पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दसरा झाल्यावर ऑफिस उघडलं तर एकही प्रिंट येईना. वायर जागेवर दिसत होती, पण टोकाची प्लास्टिकची खिट्टी तुटली होती. बोटाने दाबून धरली की दिवा लागायचा, सोडली की विझायचा.

"मामा, वायर ओढलीत का?"

"नाही हो मॅडम, मी फक्त हार घातला."

वायरचा संशय आला की सोपा उपाय म्हणजे चालू असलेल्या कॉम्प्युटरची वायर दोन्ही टोकांनी काढून मशीनला आणि स्विचच्या मशीनवाल्याच भोकात लावायची. दिवा लागला तर आपली वायर गेली. नाही लागला तर स्विचमधलं भोक बदलून बघायचं. कपाटामागून गेलेली वायर असेल तर उंदरांनाही विसरू नका.

दिवे लागताहेत तरी प्रिंट नाही, म्हणजे पत्त्याचा घोळ. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा हाच असतो. मशीनच्या स्क्रीनवर नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, सापडतो. तो कागदावर लिहून घ्या. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा, मशीनने राउटरकडे (इंटरनेटचा डबा, पत्ते तोच वाटतो) पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने आपणच एक लावून घेतला. लाइट जाऊन आली की हे हमखास होतं, कारण राउटर उठायच्या आधीच मशीन तयार होऊन बसतं. म्हणून चालू करायचा क्रम पाळा: आधी राउटर आणि स्विच, तीन-चार मिनिटं थांबा, मग मशीन. राउटर आणि स्विच छोट्या यूपीएसवर ठेवले तर उत्तम. मशीन मात्र त्यावर लावू नका, कागद भाजणारा भाग तापताना ते एकदम भरपूर करंट ओढतं.

पत्ता नीट दिसतोय, पण कॉम्प्युटर भलत्याच पत्त्यावर प्रिंट पाठवतोय, असंही होतं. काल मशीनचा शेवटचा आकडा २३ होता, राउटरने आज २७ दिला. कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये 'पोर्ट्स' (प्रिंट कुठल्या पत्त्यावर जाते ते इथे असतं) उघडा आणि टिक केलेल्या ओळीतला पत्ता कागदावरच्याशी ताडून बघा. जुळत नसेल तर 'ॲड पोर्ट', 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी', आणि नवा पत्ता. पोर्टचं नाव 'डब्ल्यूएसडी'ने सुरू होत असेल तरी हेच करा. त्या पोर्टने मला फार छळलंय. ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं प्रिंटरचं सॉफ्टवेअर, उडवून पुन्हा टाकायची घाई मात्र नको. आमच्याकडे एकाने ते केलं आणि सकाळ त्यातच गेली.

सगळ्यात फसवा प्रकार इंटरनेटवाल्याने राउटर बदलला तेव्हाचा. इंटरनेट झकास चालत होतं, त्यामुळे राउटरवर कुणाचाच संशय जाईना. सर्व्हिसवाल्याने फोनवर विचारलं, "मॅडम, गल्ली बदलली का?" मला वाटलं, पत्ता विचारतोय म्हणून मी बसस्टँडपासूनचा रस्ता सांगायला लागले. त्याचा अर्थ वेगळा होता. १९२.१६८.०.५० यात पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली, शेवटचा म्हणजे घर नंबर. जुना राउटर १९२.१६८.० या गल्लीतला, नवा १९२.१६८.१ मधला. कॉम्प्युटर आपोआप नव्या गल्लीत गेले. मशीनला पत्ता हाताने घातलेला, ते जुन्याच गल्लीत एकटं बसलं होतं.

आपली गल्ली कोणती हे बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची हुकूम टाइप करायची काळी खिडकी) 'आयपीकॉन्फिग' द्या. त्यातला 'डिफॉल्ट गेटवे' म्हणजे राउटर. तो १९२.१६८.१.१ असेल तर मशीनला १९२.१६८.१.२०० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे तोच. त्याआधी २०० ला पिंग करा, म्हणजे त्याच काळ्या खिडकीत 'पिंग' आणि पुढे पूर्ण पत्ता टाइप करून हाक मारा. उत्तर आलं तर त्या घरात कुणीतरी राहतंय, दुसरा नंबर शोधा. राउटर आपणहून जे नंबर वाटतो त्यांच्या बाहेरचाच घ्या, नाहीतर महिन्याभराने कुणाचा तरी मोबाइल तिथे येऊन बसेल. राउटरचा पासवर्ड हाताशी असेल तर तिथेच मशीनच्या नावाने नंबर राखून ठेवणं जास्त बरं.

मशीनला नवा पत्ता दिल्यावर पुन्हा पिंग करा, आणि कॉम्प्युटरचं पोर्टही बदला. पिंगमध्ये एक गंमत आहे. 'रिप्लाय फ्रॉम' दिसलं की लोक खूश होतात, पण पुढे 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असेल तर ते उत्तर आपल्याच कॉम्प्युटरने दिलेलं असतं. ओळ शेवटपर्यंत वाचा.

पिंग चोख आहे तरी 'ऑफलाइन'? प्रिंट क्यूच्या मेन्यूत 'यूज प्रिंटर ऑफलाइन'वर टिक असेल तर काढा. मग 'कॉन्फिगर पोर्ट'मध्ये 'एसएनएमपी स्टेटस'ची टिक काढून बघा; मशीन जागं असूनही विंडोज तिच्यामुळे ते बंद धरून चालतं. एखादी प्रिंट अडकून बसली असेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारा) रीस्टार्ट करा.

प्रिंट येते पण स्कॅन फोल्डरमध्ये जात नाही, तर त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणी बदलला का ते विचारा. मशीनमध्ये जुनाच असतो. जीमेलवरून स्कॅन पाठवत असाल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गुगलने ते दार ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतलं. गुगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो आणि तो मशीनमध्ये घालावा लागतो.

आता मी मशीनच्या कडेला पत्ता स्केचपेनने लिहून वरून सेलोटेप लावली आहे. खंडेनवमीला मामा त्यालाही कुंकू लावतात. शेवटचा शून्य त्यामुळे धड वाचता येत नाही.