महालक्ष्म्यांची पेटी भरताना सामानासोबत आठवणी कशा जपायच्या

महालक्ष्म्या उठल्या की दुसऱ्या दिवशी घर कसं भकास वाटतं, आणि त्या थकव्यात आपण मखर, तोरणं, माळा सगळं पोत्यात कोंबून माळ्यावर टाकतो. मी पण बरीच वर्षं हेच केलं, आणि त्यात सासऱ्यांनी हाताने कापलेली कागदी कमळं गेली, परतीच्या पावसात पत्रा गळला अन् पोत्यात नुसता लगदा राहिला. सासऱ्यांना जाऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत, फक्त तो लगदा हातात घेऊन बराच वेळ बसल्या. तेव्हापासून पेटी मीच भरते, निवांत, दोन दिवस लावून.

सगळ्यात आधी, विसर्जनाच्या दिवशी पेटी भरायचीच नाही. भादव्यात हवेत ओल असते, म्हणून सगळं सामान एक-दोन दिवस सावलीत पसरून वाळू द्या. मुखवट्यावरचं हळदीकुंकू मऊ कोरड्या कापडाने हलकं पुसायचं, आणि डोळे-भुवया रंगवलेल्या असतील तर चिंच-मीठ अजिबात लावायचं नाही, रंग निघून येतो. समया, ताटं वगैरे साधी पितळ चिंचेने घासा पण नंतर भरपूर पाण्याने धुऊन पार कोरडी करा, नाहीतर पुढच्या वर्षी हिरवी निघते. मुखवटे धुतलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळायचे. वर्तमानपत्रात नको, शाई उतरते, आणि गच्च बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नकोच, आत दमट राहतं.

साड्या जरीच्या असतील तर डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, जरीची तार काळी पडते. वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली तरी चालतं. दिवाळीत आणि संक्रांतीला एकदा काढून घडी बदलायची, नाहीतर साडी त्याच घडीवर चिरते. सेलवर चालणाऱ्या माळांमधले सेल काढून ठेवा, गळून सगळी माळ खराब करतात.

आता मुख्य काम, चिठ्ठ्या. प्रत्येक वस्तूला एक जाड कागदाची चिठ्ठी, त्यावर पेन्सिलने लिहायचं कारण पेनची शाई ओल लागली की पसरते. सुती दोऱ्याने बांधायची. रबर नको, आमच्या लातूरकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली रबर वितळून वस्तूला चिकटून बसतं, आणि टाचणी गंजते. काय लिहायचं? कुणी आणलं, कुठून, कोणत्या वर्षी, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं. आपल्याला सगळं पाठ आहे असं वाटतं हो, पण आपल्या लेकरांना ते फक्त जुनं सामान दिसतं, आणि सांगणारं माणूस एकदा गेलं की विचारायचं कुणाला.

म्हणून पेटी भरताना घरातल्या मोठ्या माणसाला जवळ बसवा अन् मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. "आठवणी सांगा" म्हणलं की कुणीच सांगत नाही. वस्तू हातात द्यायची आणि बारीक विचारायचं. आमच्याकडे आजेसासूबाईंनी ओवलेलं मण्यांचं तोरण आहे, हिरव्या पानांच्या ओळीत मधेच एक निळा मणी. मी तो बदलायला निघाले होते तर आत्याबाई म्हणाल्या, "काय करायलीस ग, हिरवे मणी सरले होते त्या दिवशी, आणि महालक्ष्म्या उद्यावर आल्या होत्या, मग माझ्या पोतीतला मणी काढून दिला मी." नवी सून होत्या त्या तेव्हा. तोरणाचा दोरा कुजला की आधी फोटो काढा, मग त्याच क्रमाने ओवा, निळा मणी निळ्याच्याच जागी.

धाकट्या महालक्ष्मीच्या मुखवट्याला हनुवटीवर पोचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून सगळा गाव झोपला होता, किल्लारीच्या भूकंपात आमचं औसा तालुक्यातलं माळवदाचं घर बसलं, आणि तिसऱ्या दिवशी दगडमातीखालून पत्र्याची पेटी निघाली. घरातली दोन माणसं नाही निघाली. दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतं, कासाराकडून ठोकून घ्या, छान दिसेल. त्याच्या चिठ्ठीवर मी तारीख लिहिलीय, त्या दोघांची नावं लिहिलीत, आणि खाली मोठ्या अक्षरात "ठोकायचं नाही".

सगळंच ठेवायचं असं मात्र नाही. थर्माकोलचं मखर काढून टाका, सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून राज्यात बंदीच आहे. उडालेली प्लॅस्टिकची फुलं पण जाऊ द्या. मन होत नसेल तर त्या मखरासमोरचा जुना फोटो शोधून त्याच्या मागे वर्ष लिहा आणि पेटीत ठेवा.

वाटणीचा विषय पण नाजूक असतो. मुखवटे थोरल्याकडे राहतात अन् बाकीच्या जावांना, नणंदांना वाटतं आपल्या हाती काहीच नाही. आम्ही महालक्ष्म्यांची लेकरं धाकट्या जाऊबाईंकडे ठेवलीत आणि तोरण नणंदेकडे. दोघी अनुराधा नक्षत्राला, आवाहनाच्या आधी, आपापली वस्तू घेऊन येतात, आणि त्यांच्याशिवाय आरास पूर्णच होत नाही.

भरताना जे पुढच्या वर्षी आधी लागतं ते वर, म्हणजे स्टँड आणि कोथळ्या (मुखवट्याखालची धडं) तळाला नको. झाकणाच्या आतून पूर्ण यादी चिकटवा, आणि तिच्या खाली दोन-चार ओळी मोकळ्या सोडा.