परदेशातून दाढीचं सामान आणताना या चुका टाळा

ब्रश, साबण आणि सेफ्टी रेझरने दाढी करणारा माणूस परदेशी निघाला की आधी यादी करतो. लंडनहून कोणतं क्रीम आणायचं, जर्मनीतून कोणता रेझर, इटलीतून कोणता साबण. यादी चांगली असते, पण त्यातलं निम्मं सामान घरापर्यंत पोहोचत नाही आणि जे पोहोचतं त्यातलं बरंचसं वापरलं जात नाही. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत पाहिलंय की आता कोणी विचारलं की काय आणायचं ते मी नंतर सांगतो, आधी विचारतो, परत येताना सामान कोणत्या बॅगेतून येणार आहे?

परतीची बॅग न ठरवता केलेली खरेदी

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात सहज टाळता येते.

एका मित्राबरोबर मी लंडनला होतो. त्याच्याकडे फक्त केबिन बॅग होती आणि तेवढ्यावरच प्रवास करण्याचा त्याला अभिमान होता. लंडनमध्ये दाढीच्या सामानाची जुनी दुकानं चालत जाता येईल इतकी जवळ आहेत. सेंट जेम्स स्ट्रीटवर ट्रूफिट अँड हिल, हे १८०५ सालचं. त्याच रस्त्यावर डी. आर. हॅरिस, त्याहूनही जुनं, १७९० सालचं. कर्झन स्ट्रीटवर ट्रंपर. टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट हे दुकान मात्र नावातल्या रस्त्यावर नाही, ते जर्मिन स्ट्रीटवर आहे. ओल्ड बाँड स्ट्रीटवर हेलपाटे घालणारे बरेच असतात, तेव्हा हे लक्षात ठेवा. मित्राने दिवसभर फिरून क्रीमचे तीन डबे घेतले. टेलरचा डबा १५० ग्रॅमचा येतो, बाकीचे त्याहून मोठे होते.

विमानतळावरच्या तपासणीत तिन्ही डबे बाजूला काढले गेले. दाढीचं क्रीम द्रव आणि लगद्याच्या नियमात येतं. केबिन बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी डबी चालत नाही आणि सगळ्या छोट्या डब्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसाव्या लागतात. मित्र म्हणाला, अर्धं क्रीम काढून टाकतो. त्याचा उपयोग नव्हता, कारण मोजतात ते डब्याचं माप, आतलं क्रीम नव्हे. त्याचा रेझरही उघडला गेला. सकाळी दाढी केल्यावर आतलं ब्लेड तसंच राहिलं होतं. ते काढून घेतलं, रिकामा रेझर परत दिला. न उघडलेले तीन डबे मात्र तिथल्या पेटीत गेले. मला सगळ्यात वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की टेलरच्या दुकानात त्याच क्रीमची ७५ मिलीची ट्यूब त्याच फळीवर होती. ट्यूब घेतली असती तर सहज बॅगेत बसली असती. पण डबा दिसायला देखणा, म्हणून डबा घेतला.

तेव्हा माझी पद्धत अशी आहे. फक्त केबिन बॅग असेल तर घट्ट साबणाची वडी, साबणाची कांडी, तुरटी, ब्रश आणि १०० मिलीच्या आतल्या ट्यूब, याच्या पलीकडे काही घेत नाही. इटलीतले चेल्लासारखे मऊ साबण नावाला साबण असले तरी हाताला लोण्यासारखे लागतात. तपासणारा त्यांना क्रीम धरू शकतो, म्हणून तेही नाहीत. सुटी ब्लेडं, डबल-एज (दोन्ही बाजूंना धार असलेली) असोत की कोणतीही, हँडबॅगेत चालत नाहीत. वस्तरा तर नाहीच. ब्लेड नसलेला रेझर बहुतेक ठिकाणी चालतो, तरी शेवटचा निर्णय समोरच्या अधिकाऱ्याचा असतो. त्यामुळे महागडा रेझर मी हँडबॅगेत ठेवत नाही. निघायच्या आदल्या रात्री ब्लेड काढून रेझर पुसून ठेवतो, सकाळच्या घाईवर सोडत नाही.

काही विमानतळांनी नवीन यंत्रं बसवून १०० मिलीची अट सैल केली आहे, हे खरं. पण मध्ये विमान बदलायचं असेल तर तिथे पुन्हा तपासणी होते आणि तिथला नियम जुनाच असू शकतो. "मला तर निघताना कोणी अडवलं नाही" ही तक्रार तिथे ऐकून घेतली जात नाही.

चेक-इन बॅग असेल तर प्रश्न बराच सुटतो. आफ्टरशेव्हमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे एक बाटली ५०० मिलीपर्यंत आणि अशा सगळ्या प्रसाधनांचं मिळून माणशी दोन लिटर, ही मर्यादा पाळा. काचेच्या बाटलीचं झाकण घट्ट करून त्यावर चिकटपट्टी, मग पिशवी, मग कपड्यांच्या मधोमध. लाकडी वाडग्यातला साबण आवडला तर त्याची नुसती वडी मिळते का ते विचारा. वाडग्याचं वजन उगाच वाहून आणू नका.

सगळ्यात धारदार तेच सगळ्यात चांगलं, हा समज

यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण यात माणसाची कातडी सोलवटते आणि पुष्कळ जण हा छंदच सोडून देतात.

ओळखीतला एक तरुण कामासाठी जर्मनीला गेला. सेफ्टी रेझर हातात घेऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. तिथे त्याने म्यूले या कंपनीचे दोन रेझर पाहिले, आर८९ आणि आर४१. दांडा एकसारखाच, फरक डोक्यात. आर८९ ची कड सरळ आणि सौम्य. आर४१ ला दात असतात आणि पातं त्वचेला जास्त भिडतं. त्याने कुठेतरी वाचलं होतं की आर४१ ने दाढी अगदी गुळगुळीत होते. तोच घेतला, वर फेदरची ब्लेडं. फेदर ही जपानची कंपनी, पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सेकी शहरात सुरू झालेली, आणि तिची ब्लेडं बाजारातल्या सगळ्यात धारदार ब्लेडांमध्ये मोडतात. पहिल्याच दाढीत गळ्यावर चिरा पडल्या. जखमा भरू न देता त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग रेझर कपाटात गेला आणि तो कार्ट्रिजवर, म्हणजे पात्यांचं अख्खं डोकंच बदलायच्या नेहमीच्या रेझरवर, परतला.

आर४१ वाईट नाही, फेदरही वाईट नाही. सरावलेल्या हातात दोन्ही सुंदर चालतात. पण हात हलका व्हायला, कोन कळायला, आपल्या गळ्यावरचे केस कोणत्या दिशेने वाढतात ते ओळखायला वेळ द्यावा लागतो आणि तो वेळ दुकानात विकत मिळत नाही. गुळगुळीत दाढी होते ती तीन वेळा फेस लावून: आधी केसांच्या दिशेने, मग आडवी, मग जमत असेल तरच उलट्या दिशेने. दर वेळी खुंट थोडे थोडे कमी करायचे. हे तीन फेरे एकाच फेऱ्यात उरकायची घाई असलेला माणूस आर४१ कडे वळतो. नव्या माणसाने आर८९ घ्यावा किंवा मेर्कुरचा ३४सी घ्यावा. दोन्ही वर्षानुवर्षं चालतात.

ब्लेडांच्या बाबतीत मोठी पाकिटं उचलू नका. चार-पाच कंपन्यांची छोटी पाकिटं घ्या आणि घरी आल्यावर तोच रेझर, तोच साबण ठेवून फक्त ब्लेड बदलून बघा. रेझर, ब्लेड आणि साबण तिन्ही एकदम बदलले तर जळजळ कशाने झाली हे कधीच कळणार नाही. आणि पाकिटावरचं चित्र नीट बघा: फेदरचीच आर्टिस्ट क्लब नावाची ब्लेडं लांबट आणि एकाच बाजूला धार असलेली असतात, ती तुमच्या डबल-एज रेझरमध्ये बसणार नाहीत.

ब्रश

बॅजर या प्राण्याच्या केसांच्या ब्रशवर 'प्युअर', 'बेस्ट', 'सुपर', 'सिल्व्हरटिप' असं लिहिलेलं असतं. सगळ्या कंपन्यांना बांधील असं त्याचं एकच मोजमाप नाही, त्यामुळे एकीचा 'बेस्ट' दुसरीच्या 'सुपर'हून मऊ असू शकतो. हाताला लावून बघा, नावाला पैसे देऊ नका. इटलीतल्या बोलोन्याच्या ओमेगाचे किंवा पोर्तुगालच्या सेमोगचे डुकराच्या केसांचे ब्रश स्वस्त आणि उत्तम असतात, पण सुरुवातीला ते राठ लागतात. वापरता वापरता केसांची टोकं दुभंगतात आणि मग ते मऊ होतात. दोन दाढ्या करून "हा टोचतो" म्हणून फेकणाऱ्यांनी तो घेऊच नये, सिंथेटिक घ्यावा. पुढे ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर खऱ्या केसांचा ब्रश उतरताना घोषित करा, तिथे प्राणिज वस्तूंबाबत नियम कडक आहेत. ओला ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून प्रवास कधीच करू नका.

वासावर भाळणं

तिसऱ्या-चौथ्या डब्यानंतर नाकाला फरक कळत नाही. मी एका दुकानात तीनच वास घेतो आणि बाहेर जाऊन येतो. शिवाय डब्यातला वास आणि तोंडावरच्या फेसाचा वास वेगळा असतो.

त्वचा नाजूक असेल तर वासाच्या आधी मेंथॉल बघा. प्रोरासो या इटालियन कंपनीच्या हिरव्या डब्यात नीलगिरी आणि मेंथॉल असतं, ते काहींना थंड वाटतं, काहींना झोंबतं. नाजूक त्वचेसाठी पांढरा डबा आहे.

हॉटेलात साबण लावून बघितलात तर फेसावरून मत बनवू नका. लंडनचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं आहे, तिथे चांगल्या साबणाचाही फेस कमी होतो. त्वचा लाल होते का, एवढंच तिथे कळू शकतं.

जुन्या मतांवर विसंबणं

साबणांची सूत्रं बदलतात. टॅबॅक या जर्मन ब्रँडच्या साबणात आधी प्राण्यांची चरबी असायची, नंतर ती काढून वनस्पतिजन्य तेलं आली. जुनी स्तुती वाचून नवीन वडी घेणारे मग नाराज होतात. चरबी हवी असो वा नको असो, मागची घटकांची यादी वाचा: 'सोडियम टॅलोएट' किंवा 'पोटॅशियम टॅलोएट' म्हणजे गुरांची चरबी, 'सोडियम लार्डेट' म्हणजे डुकराची.

पर्यटकांच्या दुकानातून रोजच्या वस्तू घेणं

इटलीत प्रोरासो साध्या सुपरमार्केटात मिळतं. तुर्कस्तानात आर्को साबणाची कांडी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात असते. या वस्तू तिथले लोक रोज वापरतात, त्यांना स्मारकाजवळच्या सजवलेल्या दुकानातून घेण्यात काही अर्थ नाही. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात आणि इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास छोटे दुकानदार सुट्टीवर जातात. खरेदी शेवटच्या दिवसावर टाकू नका.

जुन्या बाजारातला वस्तरा

पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मनीतल्या झोलिंगेन शहराचं नाव कोरलेलं दिसलं की हात लगेच खिशाकडे जातो. आधी पातं उजेडासमोर धरा. धारेजवळ गंजाचे खड्डे, केसाएवढी चीर, आत वळलेली धार किंवा झिजून सपाट झालेला पाठीचा कणा दिसला तर ठेवून द्या. सेल्युलॉइडची जुनी मूठ खराब होत असेल तर तिच्यातून निघणाऱ्या वायूने पातंही गंजतं. आणि चांगला वस्तरासुद्धा धार लावून घेतल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही.

कराचा परतावा

ब्रिटनमध्ये पर्यटकांना खरेदीवरचा व्हॅट परत मिळण्याची सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली (उत्तर आयर्लंड वगळता), तिथे दुकानदाराशी वाद घालू नका. युरोपीय संघातल्या देशांत ती आहे, पण खरेदीची किमान रक्कम देशागणिक वेगळी असते. पासपोर्ट दाखवून दुकानातच फॉर्म भरून घ्या आणि बॅग चेक-इन करण्याआधी कस्टम्सची मोहोर घ्या, कारण ते सामान बघायला मागू शकतात. सामान न वापरलेलं असावं लागतं. म्हणून जो साबण हॉटेलात लावून बघायचा असेल त्याचं बिल मी वेगळं करून घेतो.