नव्या मालक-चालकाला लांबच्या लाइनचं चांगलं भाडं कसं मिळतं

गाडी नवीन लाइनवर आली की पहिले काही महिने उरलंसुरलं भाडं वाट्याला येतं. दोन-तीन दिवस उभं राहून पडत्या दरात भरलेली गाडी, नाहीतर परतीला काहीच मिळत नाही असलं ठिकाण. ट्रान्सपोर्टवाल्याच्या भरवशावर पार्टीचा, म्हणजे माल पाठवणाऱ्याचा, लाखोंचा माल जातो, म्हणून तो आधी त्या गाडीला फोन करतो जिचा फोन लागतो, जिचे कागद चालू असतात आणि जिची पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती, वेळेवर येते. या तिन्ही गोष्टी नव्या माणसाला पहिल्या खेपेपासून करता येतात. इथे दहा चाकी ओपन बॉडी आणि पुणे–बंगळुरू लाइन धरून सांगतो. बाकी गाड्यांना आकडे बदलतील, पद्धत तीच.

कागद आणि गाडी

आरसी, विमा, फिटनेस, नॅशनल परमिट, पीयूसी, टॅक्स पावती, लायसन्स, पॅन आणि रद्द केलेला चेक या सगळ्यांची मिळून एकच पीडीएफ फोनमध्ये ठेवा. ट्रान्सपोर्टवाल्याने मागितल्यावर दोन मिनिटांत गेली पाहिजे, कारण तो त्याच वेळी आणखी चार गाड्यांना विचारत असतो. फिटनेसची तारीख सगळ्यात जास्त हुकते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांनी काढायचं असतं, पुढे दरवर्षी. मोठ्या कारखान्यांच्या गेटवर एक कागद जरी संपलेला निघाला तरी गाडी परत फिरवतात. मग ट्रान्सपोर्टवाल्याची पार्टीकडे नाचक्की होते आणि तुमचा नंबर त्याच्या यादीत खाली जातो.

तुमच्या नावावर दहा किंवा त्याहून कमी मालगाड्या असतील तर पॅनसोबत तसं सही केलेलं घोषणापत्रही द्या. ते दिलं की भाड्यातून टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापला जात नाही.

गाडीत दोन धड ताडपत्र्या, गाडीच्या तळाला अंथरायला जाड प्लास्टिक, पुरेसे दोर, चाकाखाली लावायचे दोन गुटके, हेल्मेट, सेफ्टी शूज आणि रिफ्लेक्टर जॅकेट हवंच. ताडपत्री भर उन्हात डोक्यावर धरून आतून बघा. सुईएवढं छिद्रही उजेडात दिसतं. पावसाळ्यात साखर, सिमेंट, खत, कागद असा माल भिजला की त्याचे पैसे तुमच्या बॅलन्समधून, म्हणजे पोच दिल्यावर मिळायच्या उरलेल्या भाड्यातून, जातात. बरेचदा पाणी वरून येतच नाही, मागच्या फाळक्याच्या फटीतून आणि चाकांच्या उडण्यातून खालच्या थरात शिरतं. म्हणून प्लास्टिक तळाला अंथरून कडेने हातभर वर घ्या, मगच माल लावू द्या.

दर जाण्या-येण्याचा मिळून बघा

नवा माणूस जाण्याच्या भाड्याचा आकडा ऐकून हो म्हणतो, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. एक हिशोब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे घालून बघा. पुणे–बंगळुरू सुमारे ८४० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर एका बाजूला २१० लिटर, म्हणजे १८,९०० रुपये.

जाताना ४८,००० आणि येताना ३८,००० मिळाले तर एकूण ८६,०००. दोन्ही बाजूंचं डिझेल ३७,८००, टोल १३,०००, जेवण आणि किरकोळ खर्च ५,०००. हातात ३०,२०० राहतात. फेरीला सहा दिवस लागले तर रोजचे सुमारे ५,००० पडले.

आता तेवढ्याच अंतरावरच्या आडबाजूच्या गावाला कुणी ६०,००० देतोय, पण परतीला माल नाही. रिकामी गाडी लिटरला ५ देते, म्हणजे येताना १६८ लिटर. एकूण डिझेल ३४,०२०, टोल तेवढाच, किरकोळ ४,०००. राहिले ८,९८०. पाच दिवसांत फेरी झाली तरी रोजचे १,८०० सुद्धा होत नाहीत. विम्याचा आणि फायनान्सचा हप्ता, टायर हे अजून यातूनच जायचं आहे. बीएस-६ गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करायला लागणारं द्रव) वेगळं धरा.

म्हणून दर विचारण्याआधी माल कुठे खाली होणार, म्हणजे उतरणार, ते विचारा आणि तिथून परत काय निघतं ते शोधा. परतीचा माल खात्रीचा असेल तर जाताना दोन-तीन हजार कमी घेतले तरी परवडतं.

फोन कधी आणि काय बोलायचं

बहुतेक ट्रान्सपोर्ट ऑफिसांत गाड्यांची जुळणी सकाळीच होते. दुपारी फोन करणाऱ्याला उरलेलं मिळतं. गाडी खाली व्हायच्या आदल्या दिवशीच मेसेज टाका, आणि तो पुरा असू द्या: ‘१० चाकी ओपन, २२ फूट, पासिंग १८ टन, उद्या ११ वाजता चाकणला खाली, बंगळुरू-चेन्नई लाइन पाहिजे, कागद चालू.’ (पासिंग म्हणजे गाडीला किती माल भरायची परवानगी आहे ते.) नुसतं ‘भाडं आहे का’ विचारलं तर त्याला उलट चार प्रश्न विचारावे लागतात, आणि तेवढ्यात दुसरी गाडी लागते. परतीसाठी बंगळुरूत यशवंतपूरच्या ट्रक टर्मिनलला पोहोचून चौकशी सुरू करू नका. हुबळी सोडतानाच दोन-तीन ऑफिसांना कळवून ठेवा.

महिनाअखेरीला कारखाने माल बाहेर काढायची घाई करतात आणि दिवाळीत ड्रायव्हर गावी जातात. या दोन्ही वेळी गाड्या कमी पडतात, दर चढतो. त्या दिवसांत तुमची गाडी मोकळी आणि हाताशी असेल असं बघा. केळी, द्राक्षं, टोमॅटो असला नाशवंत माल चढ्या दराने बोलावतो, पण एक पंक्चर आणि एक रात्र वाया गेली की भाडं कापायचं बोलणं सुरू होतं. रस्ता आणि गाडी दोन्ही अंगवळणी पडेपर्यंत कोरडा माल बरा.

नको असलेलं भाडं फोनवरच नाकारा, त्याचा राग कुणी धरत नाही. हो म्हणून ऐन वेळी गाडी न लावणारा मात्र लक्षात राहतो. आणि गाडी बंद पडली तर फोन कधीही बंद करू नका. उशीर झालेला चालतो, गाडीचा पत्ता नसलेला चालत नाही.

भरताना

आधी रिकाम्या गाडीचा काटा (वजन), मग भरलेल्या गाडीचा. दोन्ही चिठ्ठ्या जपा. नग असतील तर स्वतः मोजा. ‘दोन टन जास्त घ्या, टनाला २,७०० देतो’ असं कुणी म्हणालं तर ५,४०० दिसतात. ओव्हरलोडचा दंड २०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००, म्हणजे २४,०००, आणि जादा माल तिथेच तुमच्या खर्चाने उतरवायचा. शिवाय खंबाटकी घाट उतरताना ब्रेकवर येणारा ताण वेगळाच.

निघण्यापूर्वी गाडीच्या चलानवर (ट्रान्सपोर्टवाला त्या खेपेसाठी देतो तो कागद) भाडं, अ‍ॅडव्हान्स, बॅलन्स, हमाली कुणाची आणि हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे) किती तासांनंतर किती, हे लिहून घ्या. मोकळ्या बाजारात अ‍ॅडव्हान्स साधारण ८० ते ९० टक्के मिळतो. तो खात्यात आल्याशिवाय गेट सोडू नका. अ‍ॅपवर ओळख झालेला कुणी ‘गेटपासचे’ किंवा ‘रजिस्ट्रेशनचे’ पैसे आधी मागत असेल तर ते भाडं सोडून द्या. असल्या ठिकाणी बहुधा मालच नसतो.

ई-वे बिलावरचा, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदावरचा, गाडी नंबर स्वतः वाचा. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे ८४० ला पाच दिवस. गाडी अडकली तर मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच ती वाढवता येते, म्हणून ऑफिसला वेळेत कळवा. माल दुसऱ्या गाडीत टाकायचा झाला तर आधी ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये, जिथे गाडीचा नंबर असतो, नवा नंबर चढला पाहिजे.

पोच आणि पुढचं भाडं

खाली करायच्या ठिकाणी पोहोचलात की गेटवर वेळेची नोंद करून घ्या आणि त्याचा फोटो लगेच पाठवा. हॉल्टिंगचं भांडण नंतर त्या एका फोटोवर मिटतं. पोचेवर सही, शिक्का, तारीख तिन्ही हवं. ‘२ बॅग ओल्या’ असा शेरा मारत असतील तर त्या बॅगा उघडून बघा, फोटो घ्या आणि तिथूनच ट्रान्सपोर्टवाल्याला फोन लावा. गेटबाहेर आल्यावर बोलून काही होत नाही. पोचेच्या दोन्ही बाजूंचा फोटो त्याच दिवशी, मूळ प्रत पहिल्या संधीला. बॅलन्स अडकण्यामागे बहुतेक वेळा पोचेची मूळ प्रतच उशिरा गेलेली असते.

दहा ऑफिसांत नाव टाकण्यापेक्षा एकाच लाइनवरची दोन-तीन ऑफिसं धरा. काही खेपा बिनतक्रार झाल्या की ‘महिन्याला या लाइनवर किती गाड्या लावता, त्यातल्या दोन मला ठरवून द्या’ असं सरळ विचारा. दोन्ही टोकांना माल असलेल्या पार्टीचं काम मागा, मग परतीची शोधाशोध निम्म्यावर येते. पुढे केमिकल किंवा टँकरच्या कामाकडे वळायचं असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण करून लायसन्सवर तशी नोंद करून घ्या. ही नोंद असलेले चालक कमी असतात, त्यामुळे दर बरा मिळतो. या लायसन्सची मुदत तीन वर्षं, आणि नूतनीकरणाआधी एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण करावं लागतं.