लहानपणीच्या मालिकेविषयी मत मांडण्यापूर्वी

लहानपणी जीव लावलेल्या मालिकेविषयी बोलताना आपल्याला ती पाठ आहे असेच वाटत असते. प्रत्यक्षात बहुतेकांच्या लक्षात राहिलेले असते ते शीर्षकगीत, दोन-चार प्रसंग आणि त्या वेळचा आनंद. एवढ्या भांडवलावर ‘आता तशा मालिका होत नाहीत’ असा निकाल देणे आजच्या मालिकांवर तर अन्यायकारक असतेच, पण जुन्या मालिकेलाही त्यातून न्याय मिळत नाही, कारण तिच्यात खरोखर काय चांगले होते हे सांगायचे राहूनच जाते. म्हणून मत मांडण्यापूर्वी ती मालिका पुन्हा पाहावी, आणि पाहण्याची काही पद्धत ठेवावी.

सर्वांत आधी, एकही भाग न पाहता, जे आठवते ते लिहून काढावे: कथानक काय होते, खलनायक कशासाठी भांडत होता, कोणते पात्र आवडत नव्हते, शेवट झाला की मालिका मध्येच थांबली. हे काम नंतर करता येत नाही. आठवण ही साठवलेली चित्रफीत नसून प्रत्येक वेळी नव्याने रचली जाते, हे फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ सालीच दाखवून दिले होते. पहिला भाग पुन्हा पाहताच त्यातील दृश्ये जुन्या आठवणीत मिसळतात आणि मूळचे काय होते हे वेगळे काढणे अशक्य होते. लिहिलेले आणि पाहिलेले यांत जी तफावत निघेल, ती मला तरी या सगळ्या उद्योगातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

त्यानंतर आपण कोणती आवृत्ती पाहत आहोत हे तपासावे. चाहते याकडे फार दुर्लक्ष करतात. जुन्या मालिका ४:३ (रुंदी चार, तर उंची तीन) अशा जवळजवळ चौरस पडद्यासाठी बनत असत, आणि आजचा रुंद पडदा भरावा म्हणून पुष्कळदा चित्राचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो. ‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकी अॅनिमेशन मालिका २०१९ साली डिस्ने प्लस या ऑनलाइन सेवेवर आली तेव्हा तिचे जुने भाग असेच कापलेले होते. तीन वेगवेगळ्या नावांची बिअर प्रत्यक्षात एकाच नळातून येते, हा एका भागातील विनोद तो नळच चौकटीबाहेर गेल्याने नाहीसा झाला होता. चाहत्यांनी तक्रार केली आणि मे २०२० मध्ये मूळ चौकटीत पाहण्याची सोय मिळाली. आवाजाचेही तसेच आहे. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या वेगाने चित्रित झालेले कार्यक्रम, भारतातही वापरल्या गेलेल्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या प्रक्षेपणात अनेकदा २५ चौकटींच्या वेगाने दाखवले जात, म्हणजे ते सुमारे चार टक्के जलद चालत आणि स्वरही किंचित चढत असे. त्यामुळे ओळखीचे शीर्षकगीत आज मूळ वेगात ऐकताना जरा संथ आणि खालच्या पट्टीत वाटले, तर आपल्या कानांना लगेच दोष देऊ नये.

डबिंग झालेल्या मालिकेबाबत तर आपले प्रेम नेमके कोणाच्या कामावर आहे, हेच ठरवावे लागते. मोगलीची अॅनिमेशन मालिका १९८९ साली जपानमध्ये बनली. परंतु दूरदर्शनवरील हिंदी आवृत्तीचे शीर्षकगीत गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचे होते आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा होता. ज्याला शेरखान आठवून आजही धडकी भरते, त्याने श्रेय देताना त्या आवाजाला विसरू नये.

भाग निवडताना केवळ गाजलेले भाग घेऊ नयेत. एक सुरुवातीचा, एक गाजलेला आणि दोन अगदी सामान्य घ्यावेत, कारण मालिकेची खरी पातळी तिच्या सामान्य भागांतच कळते. शिवाय ते सलग पाहू नयेत. ‘ही-मॅन’ या अॅनिमेशन मालिकेच्या पहिल्या हंगामाचे ६५ भाग होते, कारण आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे तेरा आठवडे ती दाखवता यावी असा हिशेब होता. रोज एक भाग पाहणाऱ्या मुलाला तलवार उंचावण्याचे तेच दृश्य पुन्हा दिसले तर आनंदच होत असे. ओळीने सहा भाग पाहणाऱ्या प्रौढाला त्याचा कंटाळा येतो, पण तो दोष मालिकेचा नाही.

कारागिरीविषयी बोलताना निर्मितीच्या मर्यादा माहीत असाव्यात. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० पासून एमजीएम या चित्रपट कंपनीत ‘टॉम अँड जेरी’ केले ते चित्रपटगृहांसाठी, भरपूर वेळ आणि पैसा हाताशी असताना. १९५७ मध्ये एमजीएमने आपला अॅनिमेशन विभाग बंद केल्यावर दोघे दूरचित्रवाणीकडे वळले आणि तिथे थोडक्या खर्चात पुष्कळ काम उरकावे लागले. तिथल्या त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे, कारण त्यामुळे धड तसेच ठेवून फक्त डोके हलवता येत होते. या दोन कामांची तुलना एकाच मापाने केली, तर दुसऱ्या कामातील युक्ती, संवादांची चमक आणि आवाजांचा अभिनय आपल्याला दिसतच नाही.

आज खटकणाऱ्या गोष्टी, म्हणजे एखाद्या समाजाचे विद्रूप चित्रण किंवा स्त्रीपात्रांना दिलेली नुसती शोभेची जागा, स्पष्ट नोंदवाव्यात. आवड त्याने खोटी ठरत नाही.

मत लिहिताना तीन विधाने वेगळी ठेवावीत: मला ती आवडत होती, ती चांगली बनवलेली आहे, आज प्रथमच पाहणाऱ्यालाही ती आवडेल. पहिल्याला पुरावा लागत नाही. दुसऱ्याला विशिष्ट भागातील विशिष्ट प्रसंगाचा आधार हवा. तिसऱ्याविषयी स्वतःवर विसंबू नये, कारण वारंवार समोर आलेली गोष्ट केवळ ओळखीमुळेही आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले आहे. ज्याने ती मालिका कधीच पाहिलेली नाही अशा कोणाला तरी एक सामान्य भाग दाखवावा, मध्ये एकही शब्द बोलू नये, आणि भाग संपल्यावर पुढचा लावू का, एवढेच विचारावे.