कोरलईच्या धारेवरून फोटो कसे काढावेत: एका टेकडीवर दोन पाणी

अलिबागहून मुरूडकडे निघालं की रेवदंड्याच्या पुढे कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल लागतो. तो ओलांडून साळाव मागे टाकलं की थोड्याच वेळात उजवीकडे समुद्रात शिरलेली एक लांबट सोंड दिसते. हाच कोरलईचा किल्ला. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी, मध्ये अरुंद धार आणि धारेच्या टोकापर्यंत गेलेली तटबंदी. चढ छोटा आहे, दीपगृहापासून पायऱ्यांनी सावकाश गेलं तरी अर्ध्या तासात माथा येतो. पण इथून परतणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये एकच फोटो असतो: बुडता सूर्य आणि काळी पडलेली तटबंदी. एवढ्यावर समाधान मानू नका. या धारेचं खरं वैभव सूर्याकडे पाठ केल्यावर दिसतं.

तारीख पंचांगात पाहून ठरवा

समुद्रकाठच्या फोटोत उजेडाइतकंच पाणी महत्त्वाचं असतं. कोकणातला जुना हिशेब इथे उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि सूर्यास्ताला पाणी पार खाली गेलेलं असतं. अष्टमीच्या सुमारास नेमकं उलट, सूर्यास्ताला पाणी भरलेलं, पण भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती असल्याने जोर कमी. हा अंदाज आहे, नेमकी वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या.

मला धारेवरून उधाणाच्या दिवसांतली संध्याकाळ जास्त आवडते. वरून पाहताना पायथ्याचे काळे खडक उघडे पडलेले असतात, खाडीकडच्या चिखलात पाण्याच्या वळणदार रेघा उरतात आणि तिरप्या उन्हात त्या चमकतात. भरलेलं पाणी उंचावरून बरेचदा सपाट, रिकामं दिसतं.

पौर्णिमेपेक्षा चतुर्दशी साधली तर आणखी बरं. पौर्णिमेला सूर्य मावळतानाच चंद्र उगवतो आणि पूर्वेकडचे डोंगर ओलांडून वर येईपर्यंत खाली अंधारतं. आदल्या दिवशी तो साधारण पाऊण तास आधी येतो, त्यामुळे चंद्र आणि उजेडातली खाडी एकाच फोटोत मावतात.

महिना निवडताना आणखी एक पाहा. डिसेंबरात सूर्य बरोबर पश्चिमेला न मावळता साधारण २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. हिवाळ्यात उत्तर टोकाच्या बुरजाजवळून मागे वळून पाहिलं तर उन्हाची तिरीप तटाच्या दगडांवरून सरकत येते. हिरवं गवत आणि धुतलेली हवा हवी असेल तर पाऊस ओसरताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जानेवारी-फेब्रुवारीत दूरवर धुरकं असतं. ऐन पावसात मात्र नको, पायऱ्या निसरड्या होतात आणि उघड्या धारेवर वीज हा खरा धोका असतो.

दुपारी साडेतीनलाच पायथ्याशी पोहोचा

पाण्याची बाटली, टोपी, हेडटॉर्च, लेन्स पुसायची दोन सुती फडकी, धूळ उडवायला हवा मारणारा एक ब्लोअर, आणि साध्या १८-५५ मिमी लेन्ससोबत एखादी लांब पल्ल्याची लेन्स. ट्रायपॉड आणि ड्रोनचे नियम आधी विचारून घ्या. हे संरक्षित स्मारक आहे आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवूच नका. दीपगृह बघायच्या वेळाही ठरलेल्या असतात, त्या आधी विचाराव्यात.

गावातून जाताना वाळत घातलेली मासळी, रंगवलेल्या होड्या दिसतील. माणसांचा फोटो घ्यायचा तर आधी बोला, मग कॅमेरा काढा. या गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली आजही बोलली जाते. दोन मिनिटं थांबून ती ऐकावी, अशी संधी फार ठिकाणी मिळत नाही.

वर गेल्यावर आधी खाडीची बाजू

कॅमेरा बाहेर न काढता एकदा टोकापर्यंत चालून या. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हा डोंगर निजामशाहीकडून घेतला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. लढणाऱ्यांनी धारेची रुंदीच तटात बांधून टाकली, म्हणून इथल्या भिंती धारेबरोबर वळतात आणि नजरेला थेट समुद्राकडे घेऊन जातात. फोटोसाठी आयती रेघ मिळते. छप्पर नसलेल्या चर्चची कमान, आडवी पडलेली तोफ, दरवाज्याची चौकट, यांतलं एक काहीतरी पुढे घ्या. तिन्ही एकाच फोटोत कोंबू नका. तटावर मात्र चढू नका, दगड सुटे आहेत.

आता खाडी. सूर्य पश्चिमेला असल्याने ऊन तुमच्या पाठीमागून येऊन खाडीतल्या होड्या, पलीकडचे डोंगर आणि रेवदंड्याच्या माडांवर पडतं. पण ही वेळ लवकर संपते. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी सूर्य क्षितिजापासून साधारण दहा अंशांवर असतो आणि तेव्हा डोंगराची सावली त्याच्या उंचीच्या साडेपाच पट लांब पडलेली असते. जवळचं पाणी त्या सावलीत बुडतं. म्हणून खाडीचे फोटो सूर्यास्ताच्या दीड तास आधीपासून सुरू करा. लांब लेन्स इथेच लागते. परतणारी होडी एकटी पकडा, तिच्या मागची पाण्यातली रेघ पूर्ण येऊ द्या, शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नेऊ नका.

सकाळी गेलात तर गणित उलटं होतं. पूर्वेचं ऊन समुद्रावर पडतं आणि पाण्याचा रंग खुलतो. त्या वेळी समुद्राची बाजू घ्या.

पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा आणि चकाकी कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर, असेल तर ही उत्तर-दक्षिण धार त्यासाठी फार सोयीची. सूर्याशी काटकोनात पाहिलं की त्याचा परिणाम सर्वांत जास्त, आणि सूर्य पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना धारेच्या लांबीकडे पाहणं म्हणजे नेमका काटकोन. फक्त रुंद लेन्सवर आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकीचा फिका दिसतो, तेव्हा फिल्टर थोडा मागे फिरवा.

सेटिंग

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/११. एपीएस-सी सेन्सरच्या (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८ मिमीला दीड मीटरवर फोकस केला की पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं, पुढचा दगडही आणि मागची लाटही. गवत हलत असेल तर शटर १/२५० ठेवून आयएसओ वाढवा, पुसट गवतापेक्षा थोडे दाणे परवडले. सूर्य फ्रेममध्ये असताना दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) तीन फोटो घ्या, रॉ म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये.

मोबाइलवर मुख्य लेन्सच वापरा, रुंद लेन्सच्या कडा अंधुक येतात. आकाशाच्या उजळ भागावर बोट दाबून ठेवून उजेड कुलूपबंद करा आणि थोडा खाली ओढा.

दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे माथ्यावर जोरात लागतात. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, पाय पसरवा, बॅग अशी लटकवा की ती जमिनीला टेकेल. सूर्य गेल्यावर वारा पडू लागतो आणि लांब एक्स्पोजरची वेळ येते. दहा-पंधरा सेकंदांत लाटांचा फेस खडकाभोवती धुक्यासारखा दिसतो. थांबा, सगळे उतरले की हाच उजेड उत्तम. उतरताना हेडटॉर्च लावा आणि कॅमेरा बॅगेत बंद ठेवा.

घरी आल्यावर झोपायच्या आधी लेन्सवर आधी ब्लोअर मारा, मगच फडकं. मिठाचे कण फडक्याखाली घासले गेले की काचेवर ओरखडे पडतात. कॅमेऱ्याचं अंग गोड्या पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसा, आणि ट्रायपॉडचे पाय सांधे उघडून नळाखाली धुवा.