जोडधंद्यातला तोटा पगारातून वजा होतो का?

नोकरी ऐरोलीच्या आयटी कंपनीत आणि शनिवार-रविवार घोडबंदरच्या घरून केकच्या ऑर्डरी. असा जोडधंदा करणाऱ्या अनेकांना वाटतं, धंद्यातला तोटा पगारातून वजा होईल आणि टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापलेला कर, परत मिळेल. तसं होत नाही. करप्रणाली जुनी घ्या की नवी, धंद्याचा तोटा पगारातून वजा करता येत नाही.

पण म्हणून तो दाखवायचाच नाही, असं अजिबात करू नका. समजा, तोटा ९० हजारांचा आणि त्याच वर्षी एफडीचं व्याज ६० हजार. व्याजाची सगळी रक्कम तोट्यात वळती होते, त्यावर कर लागत नाही. उरलेले ३० हजार पुढची ८ वर्षं ओढता येतात, मात्र तेव्हा फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वजा होतात. केक बंद करून क्लास काढलेत तरी चालतं.

खरं नुकसान होतं ते मुदत चुकल्याने. रिटर्न उशिरा भरलं की हा तोटा पुढे नेता येत नाही. सवयीने आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म भरू नका, त्यात धंदा दाखवायची सोयच नाही, आयटीआर-३ लागतो. मैदा, डबे, डिलिव्हरी यांची बिलं वर्षभर जपा. ओव्हनची किंमत मात्र एकदम खर्चात धरता येत नाही, त्यावर दरवर्षी घसारा, म्हणजे झिजेपोटी किमतीचा काही भाग, खर्चात धरता येतो.

शेअरमधल्या इंट्राडेचा, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याच्या व्यवहारांचा, तोटा वेगळा. तो सट्टा धरला जातो, सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होतो, आणि तोही ४ वर्षंच पुढे नेता येतो.