वीस गुंठ्यांतून दर आठवड्याला पैसा: पालेभाजीची फिरती पेरणी

आमचं शेत पुण्याला, हडपसरच्या पुढं, मांजरीकडं. वाटण्या आणि रस्त्यात जाऊन आता वीस गुंठे उरलेत, म्हणजे अर्धा एकर. बांधाला लागून सोसायटीची भिंत आहे. मुलाच्या पगारातून घराचा हप्ता जातो. किराणा, गॅस, लाइट बिल आणि नातीची फी मात्र या वीस गुंठ्यांतून निघते. शहराच्या कडेला थोडकी जमीन असेल, तर हे बसवायचं कसं ते सांगते.

बारा गुंठ्यांचे दोन-दोन गुंठ्यांचे सहा तुकडे पाडा आणि दर सोमवारी एकच तुकडा पेरा. मेथी महिन्याभरात येते, कोथिंबीर आणि शेपू चाळीसेक दिवसांत. सहावा तुकडा पेरून झाला की सातव्या सोमवारी पहिला रिकामा मिळतो. उरलेल्या जागेत अळू, कढीपत्ता, गवती चहा लावा. पाण्याच्या पाटाला अळू फुकट वाढतं. आडवेळेला हीच झाडं हात देतात.

सगळं एकदम पेरायचा मोह होतो. मला झाला होता. कोथिंबिरीचा भाव चढलेला बघून बाराच्या बारा गुंठे धने टाकले. माल निघाला तेव्हा सगळ्यांचाच निघाला, व्यापारी शंभर जुड्या दोनशेला मागायला लागले, म्हणजे जुडीला दोन रुपये. टेम्पोचं भाडंही सुटेना. उभ्या कोथिंबिरीत ट्रॅक्टरचा रोटर फिरवून ती मातीत गाडली. त्या महिन्याचा किराणा उधारीवर आणला, तो दुकानदाराचा चेहरा मी विसरलेली नाही.

धने अख्खे पेरू नका. चपलेनं हलके रगडून दोन डाळ्या करा, रात्रभर भिजवा, सावलीत सुकवून मग टाका. पावसाळ्यात सपाट वाफ्यात पाणी साचून मुळं कुजतात, तेव्हा गादीवाफाच, म्हणजे उंच वाफाच करा.

काढणीच्या आदल्या दिवशी पाणी द्या, मेथी मुळासकट अलगद येते. उपटायची चार वाजल्यानंतर, ऊन उतरल्यावर. माझ्या दोन मुठींची एक जुडी. पानं धुवायची नाहीत, फक्त मुळं बादलीत बुडवून माती काढायची. पानांवर पाणी राहिलं की ढीग आतून तापतो आणि सकाळी मधल्या जुड्या पिवळ्या निघतात. वरून ओलं गोणपाट टाकलं की पुरे.

पुण्याच्या मार्केट यार्डात पालेभाजीचा भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर ठरतो. तीनशेच्या वर जुड्या असल्या तर मी शेजाऱ्यांच्या टेम्पोत भागीनं पाठवते. कमी असल्या तर सोसायटीच्या गेटापाशी स्वतः बसते. 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून निघाला, त्यामुळं आपला माल बाहेर कुणालाही विकता येतो. ओळखीची दहा घरं कायमची गिऱ्हाइकं म्हणून बांधून घ्या. त्यांना भाव पडला-चढला तरी एकच दर लावा, ती टिकतात.

रोजचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. बी, खत, भाडं आणि आपली स्वतःची मजुरीही. खुरपणीला बाई लावली तर तिला मजुरी देतोच ना? मग आपलं खुरपणं फुकट का धरायचं? हे लिहायला लागल्यावर मला कळलं, पालकात बियाणं एकदाच पडतं आणि कापून पुन्हा खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यातून फुटलेलं पीक मिळतं. तेव्हापासून एक तुकडा कायम पालकाचा.

नदीचं पाणी पालेभाजीला देऊ नका. त्यात शहराचं सांडपाणी असतं आणि कोथिंबीर लोक कच्ची खातात. विहिरीचं पाणीसुद्धा वर्षातून एकदा तपासून घ्या. मुलांच्या तोंडात जाणारी वस्तू आहे.

जमिनीला गिऱ्हाईक रोज येतं. विकायची वेळ आलीच तरी शेवटचा सातबारा हातचा घालवू नका. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, पुढं पोरांना घ्यायची झाली तर अडेल. ई-पीक पाहणीत, म्हणजे सरकारच्या मोबाइल ॲपवर, आपलं पीक दर हंगामाला स्वतः नोंदवा.

आणि पंचांग बघून पेरा. गौरी येतात त्या दिवशी आमच्याकडं घरोघर शेपू-भाकरीचा नैवेद्य असतो. आवाहनाच्या तारखेपासून बेचाळीस दिवस मागं मोजा आणि त्या आठवड्याचा तुकडा शेपूला द्या.